दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत: कोकणातल्या जुन्या घरभाटाची कामं

परतीचा पाऊस ओसरायला लागला की घरभाटातली, म्हणजे घर आणि भोवतालच्या जमिनीतली, सगळी कामं एकदम अंगावर येतात. भात पिवळं पडलेलं, अंगणात गुडघाभर गवत, छपराला दोन-चार ठिकाणी गळती आणि वहाळाचं (ओढ्याचं) पाणी रोज थोडं थोडं उतरत असतं. आधी कशाला हात घालायचा हे ओलाव्यावरून ठरवावं. जे ओलं असतानाच साधतं ते आधी उरकायचं, ज्याला कोरडं लागतं ते मागे ठेवायचं. इथला क्रम रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कौलारू घराचा, थोड्या भातशेतीचा आणि आंब्याच्या चार कलमांचा आहे.

छपराच्या खुणा

कौलं परतायची ती मे महिन्यात, पण नेमकं गळत कुठे होतं हे तोवर कुणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून शेवटच्या सरी पडत असतानाच माळ्यावर चढावं आणि ओला वासा, ओली रीप (वाशांवरची आडवी पट्टी), भिंतीवरचा ओघळ यांवर खडूने खूण करावी. पाऊस थांबल्यावर भर दुपारी आतून वर पाहावं. उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल सरकलंय किंवा माकडांनी फोडलंय. ओघळ आहे पण उजेड नाही, तर पाणी वर कुठेतरी शिरून रिपेवरून खाली आलंय. आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, दिशेने शोधत जावं. वाशावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिथे पेचकस टोचून पाहावा, सहज आत गेला तर तो वासा उन्हाळ्यात बदलण्याच्या यादीत टाकावा.

फुटकी कौलं बदलायला आठवडाभर ऊन पडल्याशिवाय छपरावर जाऊ नये, ओल्या शेवाळावरून पाय सुटतो. पाय ठेवायचा तो खाली रीप असेल तिथे, कौलाच्या मधोमध नव्हे.

खळं

खळं, म्हणजे भात झोडायची आणि वाळवायची सारवलेली जागा, ओल्या जमिनीतच धरावं लागतं. सुकलेली तांबडी माती चोपून बसत नाही, तिचे पापुद्रे सुटतात. जागा उन्हाची आणि वाऱ्याच्या तोंडची हवी, नाहीतर वारवताना पोळ (पोचट दाणे) उडत नाही.

गवत नुसतं कापू नये, खुरप्याने मुळासकट काढावं. मुळं राहिली की आठवड्यात कोंब सारवण फोडून वर येतात. मग फावड्याने उंचवटे खरवडून खड्ड्यात चिकण किंवा वारुळाची माती भरावी. उतार अंगणाबाहेर ठेवावा, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी साचत नाही. संध्याकाळी सगळीकडे पाणी मारावं आणि सकाळी माती हाताला चिकटेनाशी झाली की चोपण्याने चोपावं. टाच दाबून बघावी, खड्डा उठत नसेल तर सारवायला हरकत नाही.

शेण ताजं घ्यावं, त्यातल्या काड्या वेचून टाकाव्यात. पहिला हात पातळ, साधारण एक घमेलं शेणाला दोन बादल्या पाणी. तो पूर्ण सुकला की दुसरा हात आडवा फिरवावा, या वेळी पाणी निम्मं. एकाच हातात जाड थर दिला की वर सुकतो, खाली ओला राहतो; झोडणीत त्याच्या ढलप्या उठून भातात जातात आणि मग सूप घेऊन निवडत बसावं लागतं.

कापणी आणि झोडणी

हळवं (लवकर पिकणारं) भात दसऱ्याच्या मागेपुढे तयार होतं, गरव्याला (उशिरा पिकणाऱ्याला) दिवाळी उलटते. शेतातलं पाणी कापणीच्या आठ-दहा दिवस आधी काढून द्यावं. लोंबीच्या बुंध्याकडचे थोडे दाणे अजून हिरवट, पण शंभरातले 80 ते 85 पिवळे, ही कापायची वेळ. सगळं सोनेरी होऊ दे म्हणत थांबलं की दाणे शेतातच झडतात. उरलेल्यांना रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन मिळून आतून बारीक भेगा पडतात. भात भरडायला नेलं की कणी (तुटका तांदूळ) का जास्त पडली, याचं कारण बहुतेक वेळा गिरणीत नसतं, उशिरा कापण्यात असतं.

याच दिवसांत लष्करी अळी येते. दिवसा ती चुडाच्या (भाताच्या रोपांच्या जुडग्याच्या) बुंध्याशी दडते आणि रात्री वर चढून लोंब्या कुरतडते, म्हणून शेताची फेरी अंधार पडताना मारावी. खाली तुटलेल्या लोंब्या दिसल्या आणि पीक तयार असलं, तर वाट न पाहता कापून उचलावं. कापताना विळा जमिनीलगत चालवावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा त्यासाठीच चांगला. उंच थोंबं (कापल्यावर उरलेले बुंधे) ठेवली की खोडकिड्याच्या अळ्या त्यांतच राहतात.

दव उडाल्यावर कापायला लागावं आणि दोन दिवसांत उचलून होईल तेवढंच कापावं. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट करत येणारी सर आडव्या पडलेल्या भातावर पडली की दाण्यांना शेतातच मोड येतात. चिखलात पाय घालताना बूट घालावेत आणि हातापायाची जखम झाकावी. भातशेतीच्या दिवसांत कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असतोच. ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना शेतातल्या कामाचं आवर्जून सांगावं.

वाळवण, कणगी, उडवी

नुकत्याच झोडलेल्या भातात शेकडा 20 च्या वर ओलावा असतो. साठवताना तो 12-13 वर यायला हवा. खळ्यात दोन बोटं जाडीचा थर पसरावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पायाने चाळत राहावं. डांबरी रस्त्यावर किंवा तापलेल्या स्लॅबवर एका दिवसात उरकायला जाऊ नये, दाणा बाहेरून आखडतो आणि चिरतो. मधल्या कडक उन्हात ढीग करून झाकावं, कलत्या उन्हात पुन्हा पसरावं. असे तीन-चार दिवस लागतात.

पुरेसं वाळलं का, हे दाताखाली कळतं: दाणा कट्कन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. भरवसा वाटत नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर भात आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवावं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 च्या वर आहे. अजून ऊन द्यायला हवं. उन्हातून उचललेलं गरम भात लगेच कणगीत (धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत) ओतू नये, रात्रभर निवू द्यावं.

कणगी आधी रिकामी करून उन्हात तापवावी, फटी शेणमातीने लिंपून पूर्ण सुकवावी. ती जमिनीवर टेकवू नये. चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) मांडून त्यांवर फळ्या टाकाव्यात आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवावी, म्हणजे मागून उंदराचा माग दिसतो. बियाण्याचं भात वेगळं ठेवावं, त्यातल्या भेसळीच्या लोंब्या उभ्या पिकातच काढलेल्या असाव्यात.

पेंढा ओला रचला तर आतून तापतो, बुरसतो आणि मग गुरं तोंड लावत नाहीत. उडवीच्या (पेंढ्याच्या गंजीच्या) तळाला चिरे आणि लाकडं घालावीत, मधे खांब रोवावा. पेंढ्यांचे बुंधे बाहेर आणि किंचित खाली झुकलेले ठेवत गोल रचावं. पाणी बाहेरच्या बाजूने निथळतं.

भात उचलल्या उचलल्या कुळीथ किंवा वाल पेरावा. शिल्लक ओलाव्यावरच ते पीक येतं, आठवडा गेला की उगवण विरळ होते.

वहाळाचा बंधारा

धार मंदावली की कच्चा बंधारा घालावा. घाई केली तर शेवटची सर तो घेऊन जाते, उशीर केला तर अडवायला पाणी उरत नाही. अरुंद आणि दोन्ही काठ घट्ट अशी जागा निवडून तळ कठीण लागेपर्यंत साफ करावा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दोन-तृतीयांश माती-वाळूने भरून तोंडं सुतळीने शिवावीत. गच्च भरलेली गोणी शेजारच्या गोणीला बसत नाही. विटांसारखे सांधे मोडत रचावं, तळ रुंद, उंची कमरेएवढीच. वरच्या अंगाला चिकण माती थापावी. बंधारे बहुतेक काठाकडून फुटतात, म्हणून मधला भाग थोडा सखल ठेवून पाण्याला तिथूनच वाट द्यावी. गोण्या मे अखेर आठवणीने काढाव्यात, नाहीतर प्लास्टिक वाहत खाडीत जातं.

गडगा आणि कलमं

ढासळलेला गडगा (दगडी कुंपण) लावताना चिऱ्याखाली थेट बोटं घालू नयेत. आधी पहारीने उलथून पाहावं, फुरसं हा विषारी साप नेमका अशाच जागी बसतो. चावलाच तर बांधणं-कापणं न करता माणसाला फार न हलवता तडक रुग्णालयात न्यावं.

आंब्याला मोहोरापूर्वी पाणी देऊ नये, पालवीच फुटते. सुकी फांटी काढावीत. बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीत शिरलेली असतात; जिथे चिकटलंय त्याच्या वीतभर खाली फांदी कापावी. कापाला बोर्डो मलम लावावं: 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. मग तिसऱ्या बादलीत दोन्ही एकदम ओतत ढवळावं. त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घालावा. मलम त्याच दिवशी संपवावं, शिळ्याचा उपयोग होत नाही.