कचऱ्याचे पैसेही भरता आणि बादलीही तशीच? सोसायट्यांनो, या चुका टाळा

मिळकतकराच्या बिलात सफाई कर आधीच भरलेला असतो. त्यावर दर महिन्याला घरटी कचऱ्याचे वेगळे पैसे. सोसायटी मोठी असेल तर खतप्रकल्पाचं वीजबिल, देखभालीचा करार, वर्षाकाठी एखादी मोठी दुरुस्ती. आणि एवढं करून जिन्याखाली कालची बादली तशीच वास मारत उभी! पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या खालोखाल वाजणारा विषय हाच. राग खोटा नाही. पण तो बहुतेक वेळा भलत्याच माणसावर निघतो, आणि जो खर्च टाळता आला असता तोच वाढत जातो. पुढच्या चुका पुण्यापुरत्या लिहिल्या आहेत, कारण इथली पद्धत जरा निराळी आहे. पण मुंबई-ठाण्यातल्या मंडळींनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

निषेध म्हणून पैसे थांबवणं

“महापालिकेला एकदा दिले ना, मग परत कशाला?” हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की सफाई कर मिळकतकरात जातो आणि घरोघरी कचरा उचलण्याचं शुल्क वेगळं घेण्याची तरतूद केंद्राच्या घनकचरा नियमांत आहे. हे दुहेरी ओझं पटत नसेल तर भांडायची जागा नगरसेवकाचं कार्यालय आणि महापालिकेचं अंदाजपत्रक. कचरा न्यायला दारात आलेल्या ताई नव्हेत.

कारण पुण्याच्या बऱ्याच भागात कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद उचलतात. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते. घराघरातून मिळणारं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे हीच ताईंची कमाई. त्यांना महापालिकेचा पगार नाही. तुम्ही पैसे थांबवले की आयुक्तांना काहीही कळत नाही. ताईंच्या घरचा किराणा मात्र कमी होतो, आणि पुढच्या महिन्यात त्या तुमचा मजला शेवटी घेतात.

त्यात आपण आणखी एक गंमत करतो. रद्दी, खोकी, चांगल्या बाटल्या, म्हणजे ज्याला भाव आहे ते सगळं भंगारवाल्याला विकतो. ताईंच्या हाती उरतात वेफर्सची पाकिटं आणि थर्माकोल, ज्यांना कोणी विचारत नाही. भंगार विकायला हरकत नाही, तुमचंच आहे. पण मग “सुका विकून त्यांना भरपूर मिळतं” हे वाक्य तरी सभेत बोलू नये.

पैशांवरून कटकट होत असेल तर साधा उपाय आहे. शुल्क मेंटेनन्समध्ये घ्या आणि सोसायटीने महिन्याला एकरकमी द्यावं, पावतीसह. कोणी दिले, कोणी बुडवले हा रोजचा वाद तिथेच मिटतो. ताई वारंवार दांड्या मारत असतील तर त्यांच्यावर ओरडण्याऐवजी संस्थेच्या पर्यवेक्षकाचा नंबर घेऊन ठेवा. बदली माणूस द्यायचं काम त्यांचं असतं.

“आम्ही वेगळा करतो की!”

दोन बादल्या आहेत म्हणजे वर्गीकरण झालं असं नाही. एकदा सकाळी ताई पार्किंगच्या कोपऱ्यात बसून निवडतात तेव्हा पाच मिनिटं जवळ उभे राहून बघा. सुक्याच्या पिशवीत दह्याचा डबा, तळाशी दोन चमचे दही. त्याखाली भिजलेलं बिलबुक. गाठ मारलेली काळी पिशवी सोडायची, आत हात घालायचा, आणि आत काय आहे हे हातालाच आधी कळतं. भिजलेल्या कागदाला भाव उरत नाही. म्हणजे खरा मुद्दा कोरडेपणाचा आहे. डबे घासूनपुसून लख्ख करू नका, भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात एकदा विसळून पालथे घाला, पुरे.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा. सुटलेला तेवढासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. ओल्याच्या बादलीला प्लॅस्टिकची पिशवी लावू नका, वर्तमानपत्र लावा. देवाच्या फुलांचा हार टाकण्याआधी त्यातला दोरा आणि चमकीची पट्टी काढा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ठळक लिहा आणि हातात द्या, बादलीत नको.

सॅनिटरी पॅड आणि डायपर. याबद्दल सोसायट्यांमध्ये अजूनही कोणी मोठ्याने बोलत नाही आणि त्यामुळेच ते उघडे सापडतात. नियम सरळ आहे: कागदात घट्ट गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, वेगळं द्यायचं. लाल ठिपक्याची मोहीम पुण्यातच सुरू झाली. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. २०२६ च्या नव्या नियमांत सॅनिटरी कचऱ्याचा स्वतंत्र भाग करून चार झाले. चौथ्यात येतात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं वगैरे.

आणि हे सगळं कामाला येणाऱ्या मावशींना कोणी सांगितलंय का? बऱ्याच घरांत बादली त्याच बाहेर ठेवतात. भाडेकरू मुलांच्या फ्लॅटचंही तेच. घरमालक नागपूरला, करारनाम्यात कचऱ्याचा शब्द नाही, आणि मुलं रात्री जेवण मागवून डबे तसेच ठेवतात. ना-हरकत देतानाच सोसायटीने एक पानी सूचना हातात द्यावी.

मशिन घेतलं की झालं?

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. मोठ्या सोसायट्यांना, ढोबळमानाने रोज १०० किलो किंवा जास्त कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा लागतो. मग कोणीतरी विक्रेता येतो, चोवीस तासांत खत असं सांगतो, आणि समिती काही लाखांचं मशिन घेते. यातली पुष्कळ मशिन्स कचरा दळून, तापवून वाळवतात. बाहेर येतो तो तपकिरी भुगा. दिसतो खतासारखा, पण कुजण्याची क्रिया झालेलीच नसते. खरं खत व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. घेण्याआधी सोपी परीक्षा: मूठभर भुगा ओला करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. चार-पाच दिवसांनी उघडल्यावर नाक धरावं लागलं तर ते खत नव्हे. किंवा त्यात मेथीचे दाणे पेरून बघा, उगवले तर ठीक. विक्रेत्याला दुसऱ्या एखाद्या सोसायटीत वर्षभर चाललेलं मशिन दाखवायला सांगा आणि तिथलं वीजबिल मागा. इथेच बरेच जण विषय बदलतात.

साधे हौद किंवा जाळीचे पिंप असतील तर तक्रारी ठरलेल्या असतात. कुजका वास येतोय म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. मूठभर माल हातात दाबा. पाणी गळलं तर फार ओला, भुरभुरला तर फार कोरडा, ओलसर गोळा झाला तर बरोबर. ओल्या कचऱ्याच्या बरोबरीने सुका पालापाचोळा, भुसा किंवा कोकोपीट घाला आणि ढवळा. वासाला घाबरून वर फिनेल ओतणारे महाभाग आहेत. त्याने कुजवणारे जिवाणूच मरतात आणि वास दुप्पट होतो. ढीग गरमच होत नसेल तर थोडं शेण किंवा आंबट ताक घाला. जाड पांढुरक्या अळ्या दिसल्या की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो पडतात आणि प्रकल्प बंद करायची मागणी येते. त्या अळ्या कचरा झपाट्याने खातात, माणसाला त्रास देत नाहीत. वर कोरड्याचा जाड थर दिला की दिसेनाशा होतात. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि एरवी करवंट्या वेगळ्या काढा. मशिनची पाती त्यांनीच जातात, आणि पाती देखभालीच्या करारात धरली आहेत की नाहीत हे सही करण्याआधी वाचलेलं बरं.

गांडूळखत, सौर यंत्रणा आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी पुणे महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. पण प्रकल्प चालू असेल तरच. तपासणीत हौदात जुनी सायकल सापडली तर सवलत जाते.

किलोवर पैसे आणि वजन डोळ्यांनी

खासगी ठेकेदाराला ओला कचरा देत असाल तर वजनकाटा सोसायटीचा हवा. पावसाळ्यात उघड्या पिंपात साचलेल्या पाण्याचेही किलोने पैसे जातात. पिंपाला झाकण बसवणं हे दर कमी करण्याच्या वाटाघाटींपेक्षा स्वस्त पडतं. कचरा शेवटी कुठल्या प्रकल्पात गेला याची पावती दर महिन्याला मागा. ती नसेल तर तुमच्याच सोसायटीचा कचरा कुठल्या तरी टेकडीखाली रात्री ओतला जात असू शकतो. पुण्याचा कचरा डेपो जिथे आहे त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा उशाशी घेऊन किती वर्षं काढली, ते पुण्याला ठाऊक आहे.

राडारोडा, जुन्या गाद्या, कपाटं रोजच्या गाडीत जात नाहीत. फ्लॅटचं काम काढणाऱ्याकडून आधीच अनामत घ्या. आणि वॉचमनला पालापाचोळा पेटवू देऊ नका. हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपयांचा दंड सांगितला आहे.

गटावर लिहिलं म्हणजे तक्रार झाली?

“गाडी येत नाही, महापालिका झोपली आहे.” याला चाळीस अंगठे मिळतात आणि गाडी येत नाही. फोनवरची तक्रारही हवेत जाते. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या तक्रार ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या आणि क्रमांक घ्या. मजकूर असा हवा: सोसायटीचं नाव, गल्ली, कोणत्या तारखांना गाडी आली नाही, एरवी किती वाजता येते, ओला राहिला की सुका, सोबत तारखेसह फोटो. कचरा वेगळा केलेला दिसणारा फोटो असेल तर उत्तम, कारण “तुम्हीच मिसळून देता” हे पहिलं उत्तर तयारच असतं.

क्रमही पाळा. आधी तुमच्या भागाच्या आरोग्य कोठीवरचा, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणचा मुकादम, मग आरोग्य निरीक्षक, मग क्षेत्रीय कार्यालयातले सहायक आयुक्त. थेट आयुक्तांना पत्र धाडलं तर ते फिरून निरीक्षकाकडेच येतं, फक्त तीन आठवड्यांनी. कोठीवर सकाळी लवकर गेलात तर माणसं भेटतात, दुपारी कुलूप भेटतं.

एवढ्यानेही हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. “कचरा का उचलत नाही?” असं विचारू नका, ‘का’ ही माहिती धरली जात नाही आणि अर्ज निकाली निघतो. तुमच्या गल्लीसाठी नेमलेल्या गाडीचं वेळापत्रक, गेल्या महिन्यातल्या तिच्या फेऱ्यांच्या नोंदी आणि कोठीच्या हजेरीपटाची प्रत मागा. पुष्कळदा उत्तराच्या आधी गाडीच येते.