ब्लॅक होल आणि टीक्यूएफटी दोन्ही आवडतंय? मग तीन मितींपासून सुरू करा

एमएस्सीची मुलं समर प्रोजेक्टला येतात तेव्हा हमखास विचारतात, सर ब्लॅक होल पण आवडतं आणि टोपोलॉजी पण आवडते, दोन्ही मिळून काही करता येतं का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची. करता येतं, भरपूर करता येतं. आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं, तीन मितींची ग्रॅव्हिटी घ्या, म्हणजे अवकाशाच्या दोन मिती आणि काळाची एक. स्ट्रिंग थिअरी, इन्फर्मेशन पॅरडॉक्स वगैरे कुठे पळून जात नाही, ते नंतर.

कारण सांगतो. चार मितींत रीमान टेन्सरचे, म्हणजे संपूर्ण वक्रता सांगणाऱ्या राशीचे, स्वतंत्र घटक 20 आणि रिचीचे, म्हणजे त्यातल्या आइन्स्टाइनच्या समीकरणात येणाऱ्या भागाचे, 10, म्हणजे आइन्स्टाइनचं समीकरण निम्मीच वक्रता ठरवतं, उरलेल्या निम्म्यात गुरुत्वीय लहरींना वाव मिळतो. तीन मितींत दोन्हीकडे 6च घटक, त्यामुळे समीकरण लिहिलं की वक्रता पूर्ण ठरली, लहरी नाहीतच, प्रत्येक ठिकाण शेजारच्या ठिकाणासारखंच, आणि जो काही फरक उरतो तो टोपोलॉजीचा आणि कडेचा. हे 20-10 आणि 6-6 स्वतः मोजून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे पण विषय एकदम अंगात भिनतो. 1986 मध्ये आचुकारो आणि टाउनसेंड आणि मग 1988 मध्ये विटन यांनी दाखवलं की ही ग्रॅव्हिटी चेर्न-सायमन्स थिअरी म्हणून लिहिता येते. ही एक गेज थिअरी, जिला अंतरं मोजावी लागत नाहीत, म्हणजे आपल्या टीक्यूएफटीच्या (टोपोलॉजिकल क्वांटम फील्ड थिअरी, जिथे उत्तर फक्त टोपोलॉजीवर अवलंबून असतं) घरातलीच.

आता अशा जगात ब्लॅक होल असेल असं कुणाला वाटेल? पण 1992 मध्ये बान्यादोस, टायटलबॉइम आणि झानेली यांनी ते शोधून काढलं, कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट ऋण घेतला की मिळतं, आणि त्याला होरायझन (जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही ती सीमा) आहे, तापमान आहे, एन्ट्रॉपी आहे. तिघांच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला बीटीझेड म्हणतात.

माझ्या गाइडने पहिल्या महिन्यात मला फळ्यावर हेच करायला लावलं होतं आणि मी अजूनही प्रत्येक नवीन मुलाकडून हेच करून घेतो. फिरत नसलेलं बीटीझेड घ्या, होरायझनची त्रिज्या आर, एडीएस लांबी (ऋण कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंटवरून ठरणारी लांबी) एल, न्यूटनचा स्थिरांक जी. वस्तुमान येतं आर वर्ग भागिले 8जी एल वर्ग, तापमान येतं आर भागिले 2पाय एल वर्ग. वस्तुमानातल्या बदलाला तापमानाने भागा आणि इंटिग्रेट करा, एल गायब होतो आणि एन्ट्रॉपी येते 2पाय आर भागिले 4जी, म्हणजे होरायझनचा परीघ भागिले 4जी. ब्लॅक होलच्या एन्ट्रॉपीच्या बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्रातला तोच एक चतुर्थांश, फक्त क्षेत्रफळाच्या जागी परीघ. आता दुसऱ्या बाजूने या. ब्राउन आणि हेनो यांनी 1986 मध्येच काढलं होतं की कडेवर कन्फॉर्मल (कोन राखणारी) सिमेट्री आहे आणि तिचा सेंट्रल चार्ज, म्हणजे तिथल्या थिअरीचा एक ठरावीक आकडा, 3एल भागिले 2जी आहे, तो अशा थिअरीतल्या अवस्था मोजणाऱ्या कार्डीच्या सूत्रात टाका, डाव्या-उजव्या दोन्ही भागांना वस्तुमान गुणिले एलचा अर्धा-अर्धा वाटा द्या, आणि तंतोतंत तेच उत्तर येतं. स्ट्रॉमिंजर यांचा हा युक्तिवाद, 1997 च्या शेवटचा. पेन घेऊन स्वतः करा, व्हिडिओ बघून हे होत नाही.

पण इथे थांबू नका, खरा प्रश्न इथून सुरू होतो. आत काहीच हलत नाही तर मग एवढ्या एन्ट्रॉपीच्या अवस्था आहेत कुठे? कार्डी नुसती संख्या देतं, त्या अवस्था कोणत्या ते सांगत नाही. आणि चेर्न-सायमन्स म्हटलं म्हणून सगळं सुटलं असंही नाही, कारण इथला गेज ग्रुप नॉनकॉम्पॅक्ट, म्हणजे अमर्याद पसरलेला आहे, टीक्यूएफटीची व्याख्या करणाऱ्या अतियांच्या अॅक्सिअम्समधली सांत मितीची व्हेक्टर स्पेस मिळत नाही. विटननी स्वतः 2007 मध्ये तीन मितींच्या ग्रॅव्हिटीकडे परत वळून शंका मांडल्या. मग 2023 मध्ये कोलियर, एबरहार्ट आणि झांग यांनी विरासोरो टीक्यूएफटी नावाची मांडणी आणली आणि बरीच गणितं हाताशी आली. म्हणजे विषय जिवंत आहे, तुमच्यासाठी जागा आहे.

चार मितींतही हेच धागे दिसतात. आपल्या शिरपूरचे अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी बाएझ, कोरिची, क्रास्नोव यांनी 1998 मध्ये होरायझनवर चेर्न-सायमन्स थिअरी बसवून अवस्था मोजल्या, आणि त्याच सुमारास चेन्नईच्या आयएमएससीत (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) कौल आणि मजुमदार यांनी तशीच मोजणी करून पुढे लॉगरिदमवाली दुरुस्ती काढली, क्षेत्रफळाच्या लॉगच्या उणे दीडपट. अतिश दाभोलकर, गोम्स आणि मूर्ती यांच्या कामात तर सुपरस्ट्रिंगमधल्या ब्लॅक होलच्या एन्ट्रॉपीत नंबर थिअरीतल्या क्लूस्टरमान बेरजा येतात, आणि त्यातले फेज चेर्न-सायमन्समधून निघतात, नंबर थिअरीवाल्यांनाही यात रस वाटेल.

टीक्यूएफटीसाठी वेगळी वाट, तीही छोटी. आधी दोन मितींची करा. वर्तुळाला व्हेक्टर स्पेस, पँटच्या आकाराच्या पृष्ठभागाला गुणाकार, आणि बघता बघता कम्युटेटिव्ह फ्रोबेनियस अल्जेब्रा (गुणाकार आणि त्याच्याशी जुळणारं इनर प्रॉडक्टसारखं पेअरिंग असलेली व्हेक्टर स्पेस) तयार होतो. मग छिद्रं असलेल्या पृष्ठभागांची किंमत स्वतः काढा. त्याआधी डिफरेन्शियल फॉर्म्स, फायबर बंडल आणि थोडी रिप्रेझेंटेशन थिअरी पाहिजेच, आणि हे फिजिक्सच्या एमएस्सीत बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे गणित विभागात जाऊन बसा, क्रेडिट नाही मिळालं तरी चालेल. एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिरात निवड झाली तर नक्की जा, तिथे प्रूफ लिहायची शिस्त लागते.

पीएचडी प्रवेशाचं थोडक्यात. जेस्ट आणि नेट, या दोन्ही परीक्षांचा अभ्यास बराचसा एकच आहे, आणि त्यात क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम, स्टॅट मेक विचारतात, बीटीझेड कुणी विचारत नाही, त्यामुळे आवडत्या विषयाच्या नादात ते सोडू नका. मुलाखतीत मात्र आवड कळते.

गाइड निवडताना एवढंच बघा की त्यांचे विद्यार्थी सेमिनारमध्ये प्रश्न विचारतात का. मला मोठ्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पाच वर्षं रोज त्याच ग्रुपमध्ये बसायचं असतं. आणि मेल करताना "आय अॅम पॅशनेट अबाउट ब्लॅक होल्स" असलं काही लिहू नका, वर सांगितलेलं गणित फिरणाऱ्या बीटीझेडसाठी करा, तिथे आतला होरायझनही येतो आणि डाव्या-उजव्या भागांचं तापमान वेगळं निघतं, ते दोन-तीन पानांत नीट लिहा, जिथे अडलात ती ओळ स्पष्ट दाखवा आणि तेच पीडीएफ जोडून पाठवा. मला अशी मेल आली की मी त्याच दिवशी उत्तर देतो.