खोट्या आठवणींवर ब्रेन स्टिम्युलेशनचं काम करायचंय? आधी शब्दांच्या याद्या करा

सांगलीत बीए सायकॉलॉजी करणारी पोरं अधूनमधून विचारतात, टीएमएस (डोक्याला कॉइल धरून मेंदूला चुंबकी पल्स देणं) आणि टीडीसीएस (डोक्यावरनं बारीक करंट देणं) शिकायचंय, कुठनं सुरुवात करू. मशीन चालवणं हातात बसतं हो, खरा घाम शब्दांच्या याद्या काढताना निघतो.

खोट्या आठवणींचा प्रयोग साधाय. गादी, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, घोरणं, पांघरूण असे शब्द ऐकवायचे आणि नंतर आठवतील तेवढे लिहायला सांगायचं. बरेच जण 'झोप' लिहून मोकळे होतात, वर छातीठोक सांगतात की ऐकलाय म्हणून, आणि यादीत तो नसतोच. याला डीआरएम म्हणतात, तिघा सायकॉलॉजिस्टांच्या आडनावांवरनं. डीसने १९५९ ला केलं, मग रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ ला परत वर काढलं, त्यांच्या पहिल्याच प्रयोगात न ऐकवलेला शब्द ४० टक्के वेळा लिहिला गेला.

आता इंग्रजी याद्या उचलून मराठी करून चालत नाही, कशावरनं काय आठवतं ते त्या त्या गावच्या माणसांना विचारायला लागतं. 'हळद' म्हटल्यावर आमच्याकडं कुंकू, लग्न, पिवळा आलंच, पण मार्केट यार्ड आणि सौदा पण आलं, हरिपूरकडच्या एका पोरीनं तर 'पेव' (हळद साठवायचा जमिनीतला खड्डा) लिहिलं. पुण्यात हे कोण लिहिणार?

मेंदूत बघायची जागा म्हणजे टेम्पोरल लोबचं पुढचं टोक. सिमँटिक डिमेन्शियात हाच भाग झिजतो आणि माणसाच्या शब्दांचे अर्थ हळूहळू निसटायला लागतात. मग अर्थ जोडणारी ही जागा थोडा वेळ मंद केली तर 'झोप' कमी येईल का? सिडनीच्या टीमनं २००९ मध्ये डाव्या बाजूला टीएमएस देऊन खोट्या आठवणी ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं छापलं. आकडा भारी वाटतो पण माणसं थोडी होती, त्यामुळं एसओपीत (अ‍ॅडमिशनच्या अर्जासोबतच्या निबंधात) 'मी खोट्या आठवणी घालवणार' असलं काही लिहू नका, समोरचा हसेल.

लॅबमधली कटकट वेगळीच. टीडीसीएसला १-२ मिलिअँपिअर करंट, सलाईनमध्ये भिजवलेले स्पंज, आणि पार्टिसिपंट येतो डोक्याला चापून तेल लावून! कॉन्टॅक्टच नीट होत नाही, म्हणून आदल्या दिवशीच मेसेज टाकायचा, केस धुऊन या, तेल नको. तुलनेसाठी काही जणांना नुसतं नाटक करतात, त्याला शॅम म्हणतात, त्यात करंट सुरुवातीला काही सेकंद देऊन बंद करतात, म्हणजे मुंग्या दोन्ही गटांना येतात आणि खरं कुणाला मिळालं ते कळत नाही. टीएमएसचं तसं सोपं नाही, कानाच्या पुढं कॉइल धरली की जबडा आणि गाल उडतो, त्यामुळं लक्ष विचलित होऊन शब्द विसरला की मेंदूमुळं, हे वेगळं काढायला दुसऱ्या जागेवर पण कॉइल धरून बघावं लागतं. फिट येणारा, डोक्यात धातू किंवा पेसमेकर असलेला माणूस सरळ घरी पाठवायचा, ओळखीचा असला तरी.

पुढं शिकायला अलाहाबाद आणि हैदराबाद विद्यापीठ, आयआयटी गांधीनगर, कानपूर इथं कॉग्निटिव्ह सायन्स आहे, क्लिनिकलकडं ओढा असेल तर बंगळूरचं निम्हान्स बघा. स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर आत्ताच पक्कं करा. आणि लॅबला मेल टाकताना 'मला मेंदूची लहानपणापासून आवड आहे' हे सगळेच लिहितात, त्यापेक्षा सरांची परवानगी काढून वर्गातल्या पोरांवर एक यादी चालवा आणि ती एक्सेल शीट मेलला जोडा, कागद-पेनाच्या पलीकडं खर्च नाही.