कॉटेजला जाताय? बोटीवर बिअर उघडायच्या आधी हे वाचा

कॅनडात ऑन्टॅरियोला नवीन आलेल्या पोरांचा उन्हाळ्याचा प्लॅन ठरलेला असतो, आठदहा जण मिळून तळ्याकाठचं कॉटेज घ्यायचं, त्यात एक दिवस पाँटून म्हणजे सपाट तळाची उघडी बोट भाड्याने आणि कूलर बिअरने गच्च. आम्हीही तेच केलं होतं. कवार्थाकडच्या एका तळ्यात मधोमध इंजिन बंद करून भेळ कालवत बसलो होतो, चालवणारा मित्र थेंबही न घेतलेला, तेवढ्यात पोलिसांची बोट शेजारी येऊन लागली. त्यातल्या पोलीस बाईंनी हसत हॅलो केलं, लाइफजॅकेट मोजली, शिट्टी, टॉर्च आणि १५ मीटरचा दोर बघितला आणि मग माझ्या हातातल्या कॅनकडे बोट दाखवलं. मी म्हटलं मी चालवत नाहीये, म्हणाल्या त्याने काही फरक पडत नाही. तिकीट फाटलं, कॅन गेले, आणि भेळ तोपर्यंत पार लगदा झालेली.

तर नियम असा की नुसतं चालवणाऱ्यानेच नाही, बोटीवर कोणीच प्यायची नाही. अपवाद एकच, बोटीवर कायमची झोपायची सोय, कायमचं किचन आणि कायमचं टॉयलेट तिन्ही हवं आणि वर ती नांगर टाकून किंवा धक्क्याला बांधून उभी हवी. म्हणजे हाउसबोट घेतलीत तर संध्याकाळी बांधल्यावर खुशाल प्या. पाँटूनवर यातलं काही नसतं, त्यामुळे नांगर टाकला तरी नाहीच. बाटल्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायच्या तर सीलबंद, नाहीतर बंद कप्प्यात.

पण तिकीट ही किरकोळ गोष्ट झाली. पिऊन बोट चालवणं म्हणजे पिऊन गाडी चालवणं, क्रिमिनल कोडमध्ये दोन्हीला कलम एकच आणि १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोलची, म्हणजे ०.०८ ची, मर्यादाही तीच. ०.०५ ते ०.०८ च्या मधे सापडलात तरी गाडीचं लायसन्स पहिल्याच वेळी काही दिवस सस्पेंड, हो गाडीचं, बोटीवर सापडून. आणि कनूत वल्हं मारतोय म्हणून सुटलो असंही समजू नका, मस्कोकातल्या २०१७ च्या एका अपघाताच्या केसमध्ये कोर्टाने कनूसुद्धा यात धरली.

आता आपल्यासाठी खरी मेख. डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा ५ वरून १० वर्षं झाली, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात १० वर्षांचा गुन्हा म्हणजे ‘सीरियस क्रिमिनॅलिटी’. कोर्टाने तुम्हाला नुसता १००० डॉलर दंड करून सोडलं तरी मोजतात ती कमाल शिक्षाच. स्टुडंट असा, वर्क परमिटवर असा किंवा पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झालेले असा, देशातून जायची वेळ येऊ शकते. सिटिझन मित्राला जे महागात पडेल ते तुम्हाला घर मोडून जाईल, त्यामुळे तो म्हणाला ‘काही होत नाही रे’ तर त्याचं ऐकू नका.

इथल्या जुन्या कॉटेजवाल्यांचं मात्र मला आवडतं. शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी चक्कर मारून येतात, बोट बांधतात, दोर दोनदा ओढून बघतात, इंजिनची किल्ली आत खुंटीला अडकवतात आणि मगच खुर्ची टाकून पहिला कॅन उघडतात. त्यांच्या पिढीत सगळे बोटीवर प्यायचे असं तेच सांगतात, आता मात्र पाण्यावर कोणाच्या हातात कॅन दिसला तर त्यांच्या कपाळाला आठी पडते. पाण्यावर ऊन, वारा आणि हेलकावे यांनी दोन बिअर तीनसारख्या चढतात हे त्यांचंच म्हणणं, मी एकदा पाण्यातून शिडीवर चढताना अनुभवलंय. मे लाँग वीकेंडला तर पाणी असं बर्फगार असतं की पडलात तर आधी श्वासच अडकतो.

आम्ही आता बोटीवर ताक आणि कोकम सरबत नेतो, बिअर कॉटेजच्या फ्रिजमध्येच. बोट चालवायचं ऑपरेटर कार्ड नसेल तर भाड्याने देणाऱ्याकडून सेफ्टी चेकलिस्टचा कागद सहीसकट घ्या, तोही तपासतात. आणि फोन झिपलॉकमध्ये ठेवा, माझा एक अजून त्या तळ्यातच आहे.