डेव्ह नव्यानं लिहायला घेताय? आधी उडी नीट करा

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून, एका मशीनवर तिघं तिघं दाटीवाटीनं बसून ज्यांनी डेव्ह, म्हणजे डेंजरस डेव्ह, खेळलाय त्यांना गेम कुठला ते सांगायची गरज नाही. कप घेतल्याशिवाय दार उघडत नाही, आगीवर पाय पडला की मेला, आणि कुणाला जेट पॅक मिळाला की आख्खा बाक ओरडायचा. आमच्या तासगावच्या शाळेत आठवड्याला एकच तास असायचा आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं गेमची, त्यामुळे मी सातवी ते दहावी मिळून चौथ्या लेव्हलच्या पुढं कधी गेलोच नाही. तो अर्धवट राहिलेला गेम डोक्यातून गेला नव्हता. नोकरी सपोर्टची, दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारींची तिकिटं बंद करायची, स्वतःचं असं काही लिहून होत नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी ठरवलं की हाच गेम सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पहिल्यापासून लिहायचा.

आता ओळखीतली दोन-तीन पोरं असंच काहीतरी करायला निघालीत आणि मला विचारतायत, म्हणून हे लिहितोय. तुम्हाला सी बऱ्यापैकी येतं, ॲरे आणि पॉइंटरला घाबरत नाही, गिट वापरता, एवढं धरून चालतो.

डेव्हच का, तर तो खरंच लहान आहे. जॉन रोमेरो या गेम लिहिणाऱ्यानं हा १९८८ मध्ये ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरसाठी केला होता, आपण खेळलो ती डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीची, आवृत्ती १९९० ची. लेव्हल दहा. प्रत्येक लेव्हल म्हणजे १०० बाय १० टाइलचा, म्हणजे चित्राच्या चौकोनी तुकड्यांचा, नकाशा, एक टाइल १६ पिक्सेलची, आणि एका वेळी स्क्रीनवर २० बाय १० टाइल दिसतात. एका टाइलला एक बाइट, म्हणजे एक नकाशा फक्त १,००० बाइटचा. एवढा डेटा एका रात्रीत वाचून होतो. स्क्रोलिंगसुद्धा सोपं, डेव्ह कडेला पोचला की गेम थांबतो, स्क्रीन पुढं सरकतो, मग परत चालू. पहिल्याच प्रोजेक्टला गुळगुळीत स्क्रोलिंगच्या मागं लागू नका. १९९० साली पीसीवर तसं स्क्रोलिंग करणं एवढं अवघड होतं की रोमेरोच्या सोबतच्या जॉन कारमॅकला ते जमलं तेव्हा त्यानं आणि टॉम हॉल या दुसऱ्या सोबत्यानं एका रात्रीत मारिओ थ्रीची पहिली लेव्हल पीसीवर उतरवून दाखवली, आणि तिच्यात मारिओच्या जागी हाच आपला डेव्ह टाकला होता. तो वेगळा विषय आहे, तुमचा नाही.

टर्बो सी, म्हणजे सी लिहायचं ते डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर, अजिबात नको. कॉलेजमध्ये तो निळा स्क्रीन बघितलेला असतो म्हणून हात तिकडंच जातो, मीसुद्धा डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी टाकून त्याच्या ग्राफिक्स डॉट एच या चित्रं काढायच्या लायब्ररीनं सुरुवात केली आणि तीन आठवडे नुसतं चित्र लुकलुकतंय का हेच बघत बसलो. एसडीएल टू घ्या, सीमधून स्क्रीन, बटणं आणि आवाज हाताळायची लायब्ररी. आणि मोठं इंजिनही, म्हणजे उडी-धडक सगळं तयार देणारं सॉफ्टवेअर, नको, हे माझं पक्कं मत आहे, ऑफिसातल्या एका सिनियरनी मला इंजिन घे, दोन दिवसांत होईल असं सांगितलं होतं आणि दोन दिवसांत डेव्हसारखं काहीतरी दिसायलाही लागलं, पण आतमध्ये काय चाललंय ते मला काहीच कळत नव्हतं आणि बिघडलं की फक्त सेटिंग बदलून बघायचं एवढंच हातात होतं. गेम करायचाय तर इंजिन घ्या, शिकायचंय तर घेऊ नका.

चित्रं काढण्याचं थोडक्यात सांगतो. मूळ एक्झी फाइल, म्हणजे गेम चालवायची फाइल, एलझेडएक्झी नावाच्या प्रोग्रॅमनं दाबून लहान केलेली आहे, ती आधी उघडावी लागते. हे एलझेडएक्झी फाब्रिस बेलारचं, ज्यानं पुढं एफएफएमपेग हे व्हिडिओसाठी सगळीकडं वापरलं जाणारं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि हे समजल्यावर मला का कोण जाणे फार बरं वाटलं होतं. उघडल्यावर आत टाइलची चित्रं, रंगांचं पॅलेट आणि लेव्हल सगळं सापडतं. पॅलेट वाचलं की सगळी चित्रं अंधारात ठेवल्यासारखी दिसतील. घाबरू नका, फाइल खराब नाहीये. व्हीजीएचे, म्हणजे त्या काळच्या पीसीच्या डिस्प्लेचे, रंग ० ते ६३ मध्ये मोजतात आणि आपण ० ते २५५ मध्ये, प्रत्येक आकडा चारनं गुणा, उजेड पडतो. दुसरं, ३२० बाय २०० चं चित्र जुन्या चौकोनी मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं, त्यामुळे आत्ताच्या स्क्रीनवर पिक्सेलला पिक्सेल ठेवलं की डेव्ह बुटका आणि जाडा दिसतो. आडवं पाच पट आणि उभं सहा पट केलं की लहानपणीचा डेव्ह दिसतो. इथपर्यंत मला एक महिना लागला आणि पहिल्यांदा ती पहिली लेव्हल स्क्रीनवर उमटली तेव्हा मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवली.

आता उडी. माझे चार महिने इथं गेले आणि मधे एक वेळ अशी आली की मी फोल्डर बंद करून पाच-सहा महिने उघडलंच नाही, त्यामुळे इथं जरा सावकाश वाचा.

कुठलाही गेमचा ट्युटोरियल उघडा, पहिल्याच धड्यात सांगतात की हालचाल डेल्टा टाइमनं गुणा. म्हणजे मागच्या फ्रेमपासून (स्क्रीनवर एकदा काढलेलं चित्र म्हणजे एक फ्रेम) किती वेळ गेला ते मोजायचं, वेग गुणिले वेळ करून जागा बदलायची, मग मशीन कुठलंही असो गेम सारखाच चालतो. चालण्यासाठी हे खरं आहे. उडीसाठी नाही. उडीत वेगच दर क्षणाला बदलत असतो, आणि आपण तो फ्रेमला एकदाच बदलतो. फ्रेम जेवढी लांब तेवढी चूक मोठी.

माझे खरे आकडे देतो. डेव्हला दोन टाइल उंच फळीवर चढायचंय, म्हणजे ३२ पिक्सेल. वर जायचा सुरुवातीचा वेग मी सेकंदाला १६० पिक्सेल ठेवला, गुरुत्वाकर्षण ३७६. शाळेतलं सूत्र लावलं तर उंची वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्वाकर्षण, म्हणजे ३४ पिक्सेल. ३२ हवेत, ३४ मिळतात, झालं काम असं मला वाटलं. पण कोडमध्ये मी आधी वेग कमी करत होतो आणि मग जागा बदलत होतो, असं केलं की प्रत्येक उडीत उंची कमी पडते, आणि किती कमी पडते तर सुरुवातीचा वेग गुणिले एका फ्रेमचा वेळ, त्याच्या निम्मी. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर साधारण १.३ पिक्सेल कमी, म्हणजे ३२.७. चढतो. ३० फ्रेम असतील तर २.७ पिक्सेल कमी, म्हणजे ३१.४. नाही चढत! अर्ध्या पिक्सेलनं पाय फळीला लागतो आणि खाली येतो. आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तोच डेव्ह साडेतेहेतीस जातो. एकच कोड, तीन मशीन, तीन वेगळे डेव्ह.

मला हे माहीत नव्हतं. माझ्या मशीनवर सगळं छान चालत होतं. मी गेम कऱ्हाडला माझ्या मावसबहिणीला पाठवला, तिचा लॅपटॉप जुना, तिनं फोन केला की अरे दादा, हा वरच्या फळीवर चढतच नाही, मी वीस वेळा केलं. मी म्हणलं तू बटण नीट दाबत नसशील. मग मी वेग १७० केला. तिच्याकडं चढायला लागला, पण माझ्याकडं डेव्हचं डोकं वरच्या विटेला आपटायला लागलं. मग गुरुत्वाकर्षण वाढवलं, मग उडी जड वाटायला लागली. मग धडकेचा कोड बदलला, मग एकदा मशीन मधेच अडकलं तर डेव्ह जमिनीतून आरपार खाली, कारण तेवढ्या मोठ्या एका फ्रेममध्ये तो १६ पिक्सेलच्या टाइलच्या पलीकडंच गेलेला असायचा. चार महिने मी हे आकडे इकडचे तिकडे करत होतो आणि दर वेळी वाटायचं की आता झालंच. कोड कुठंच चुकीचा दिसत नव्हता हे सगळ्यात वाईट.

उपाय असा, आणि हा पहिल्या दिवशीच करा. गेमचं घड्याळ आणि स्क्रीनचं घड्याळ वेगळं ठेवा. गेमच्या जगात वेळ ठरावीक तुकड्यांनीच पुढं जाते, अशा एका तुकड्याला टिक म्हणू, मी सेकंदाला ६० टिक ठेवले. प्रत्येक फ्रेमला किती खरा वेळ गेला तो एका डब्यात साठवत जायचा, डब्यात एका टिकएवढा वेळ जमला की गेम एक टिक पुढं ढकलायचा आणि तेवढा वेळ डब्यातून वजा करायचा, उरलेला तसाच पुढच्या फ्रेमसाठी ठेवायचा. मशीन हळू असेल तर एका फ्रेममध्ये दोन टिक होतील, जलद असेल तर काही फ्रेममध्ये एकही होणार नाही, चित्र तेच परत काढायचं. पण डेव्हला त्यातलं काही कळत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक टिक सारखाच. एका फ्रेममध्ये पाचपेक्षा जास्त टिक करायचे नाहीत असं बंधन घाला, नाहीतर लॅपटॉप झोपेतून उठला की गेम सगळे साठलेले टिक एकदम पळवतो. आणि वेळ मिलिसेकंदांच्या पूर्ण आकड्यात मोजू नका, एक टिक १६.६७ मिलिसेकंदांचा असतो, तुम्ही १६ धरलात तर सेकंदाला साडेबासष्ट टिक होतात. एसडीएलमध्ये परफॉर्मन्स काउंटर हे बारीक वेळ मोजणारं घड्याळ आहे ते वापरा.

त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे उडीतून दशांश काढूनच टाका. डॉसबॉक्समध्ये मूळ गेम लावून रेकॉर्डिंग केलं, एकेक फ्रेम पुढं नेत डेव्ह किती पिक्सेल सरकतो ते वहीत लिहिलं, आणि त्यावरून माझ्या कोडमध्ये शेवटी एक साधी यादी आली: पहिले १४ टिक प्रत्येकी २ पिक्सेल वर, मग ४ टिक प्रत्येकी १ पिक्सेल, बेरीज ३२. बरोबर दोन टाइल. ना वेग, ना गुरुत्वाकर्षण, पूर्ण आकडे आणि एक मोजणी. ज्या दिवशी हे टाकलं त्या दिवशी बोटांना ती जुनी उडी ओळखू आली, हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येत नाही.

मेंटॉर शोधत फिरू नका असं मी सांगेन. मी दोघांना कोड दाखवला, दोघंही हुशार, दोघांनी फंक्शनची नावं सुधारली आणि फाइली वेगळ्या करायला सांगितल्या. उडी कुणी खेळून बघितली नाही. माझी मावसबहीण बँकेत कामाला आहे, तिला सी येत नाही, पण सगळ्यात कामाचं वाक्य तिनंच सांगितलं. तुमचा गेम दुसऱ्याच्या, शक्यतो जुन्या मशीनवर, पहिल्याच आठवड्यात खेळायला द्या, आणि समोरचा म्हणाला की चालत नाही तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मी ठेवला असता तर चार महिने वाचले असते आणि तिला चार शब्द बोललो नसतो. चॅटबॉटकडून आख्खा लूप, म्हणजे गेम पुढं नेत राहणारा मुख्य कोड, लिहून घेणाऱ्यांनाही हेच, तोही पटकन डेल्टा टाइमच लिहून देईल आणि तो तुमच्या मशीनवर चालेलच.

एक स्पष्ट सांगतो, मूळ चित्रं आणि आवाज गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या साइटवर, टाकू नका. गेम जुना झाला म्हणून तो आपला होत नाही. कोड तुमचा, तो खुशाल टाका, आणि चित्रं खेळणाऱ्यानं त्याच्याकडच्या फाइलमधून वाचावीत अशी सोय करा, किंवा स्वतः काढा. मूळ लेखकानं स्वतःहून दिलं तर गोष्ट वेगळी, प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमचा ॲपल टू चा मूळ कोड तो लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरनं २०१२ मध्ये, वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्यावर, सगळ्यांसाठी ठेवला. तो ६५०२ च्या, म्हणजे ॲपल टू मधल्या प्रोसेसरच्या, असेंब्ली भाषेत आहे, पहिल्यांदा उघडाल तर काही कळणार नाही, तरी उघडा. एक माणूस एवढ्याशा मशीनवर काय करत होता ते दिसतं.

आणि हे सगळं वाचून हात आखडू नका. तुम्हाला एका वेळी एकच स्क्रीन करायचाय. वीस बाय दहा टाइल, एक डेव्ह, एक उडी, कप आणि दार नंतर. मला गणित बरं येत नव्हतं, बारावीला कसाबसा निघालो होतो, तरी उडीचं गणित शेवटी कळलं, कारण ते माझ्या डेव्हचं होतं. रविवारचे तीन तास मिळाले तरी पुरतात, मधे महिनाभर काहीच झालं नाही तरी चालतं, फक्त सोडताना एका चिठ्ठीवर पुढं काय करायचं होतं ते लिहून ठेवा. मी सोडलं तेव्हा तसं लिहिलं नव्हतं, परत आल्यावर स्वतःचाच कोड समजायला दोन रविवार गेले.

माझं आत्ता सहाव्या लेव्हलपर्यंत आलंय. राक्षसांच्या फिरण्याची वाट प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला २५६ बाइटमध्ये ठेवलेली असते, मागच्या आठवड्यात ते बाइट वाचताना राक्षस एकदम स्क्रीनबाहेर उडून जात होता, तर उणे १ च्या जागी मी २५५ वाचत होतो, साइन्ड केलं, म्हणजे बाइट उणे आकडाही धरू शकेल असा वाचला, आणि तो गुमान गोल फिरायला लागला. या वेळी अर्ध्या तासात सापडलं. कऱ्हाडला नवीन फाइल पाठवलीय, तिचा फोन यायचाय.