विहिरीची मोटर बाबांना फोन करते

खानापूरजवळच्या आमच्या शेतात मोटरीला लागणारी थ्री-फेज वीज येते ती अवेळीच. वीज आल्याचा मेसेज बाबा बघत नाहीत. "रिंग वाजली तरच जाग येते बघ," म्हणाले. म्हणून वीज आली की कॉल जावा यासाठी आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, सिम८००एल हे सिम घालून कॉल करणारं मॉड्यूल जोडलं. पण कॉल लावला की मॉड्यूल रीसेट! दोन रात्री उगाच कोड चाळत बसलो. खोट सप्लायमध्ये होती: ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच लागतात. वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) ४ व्होल्टवर लावला, शेजारी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तरी कॉल जाईना. मॉड्यूलला कॉल लावायला सांगणाऱ्या एटीडी कमांडमध्ये नंबरानंतरचा अर्धविराम (;) विसरलो होतो. त्याशिवाय व्हॉइस कॉल लागतच नाही. (सिम २जी चालणारंच हवं.) काल पहाटे तीनला फोन वाजला. आई वैतागली, पण ऊस भिजला.