जुन्या फोनला नवं अँड्रॉइड येईल का? वाट पाहताना या चुका टाळा

मावशीने फोन माझ्या हातात दिला तेव्हा त्याच्या कव्हरमध्ये दहाची घडी घातलेली नोट आणि लाँड्रीची पावती होती. वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या दांड्यांच्या जागी फुली होती. मी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं. जिथे आयएमईआय नंबर, म्हणजे नेटवर्क ज्यावरून फोन ओळखतं ते नंबर, दिसायला हवेत, तिथे काहीच नव्हतं.

फोन पाच वर्षं जुना. नाक्यावरच्या एका दुकानात तिला सांगितलं होतं, "पाचशे रुपये द्या, नवीन अँड्रॉइड मारून देतो." दुकानदाराने त्याच नावाच्या, पण दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या मॉडेलची फाइल मारली. फोन सुरू झाला, आयकॉनही नवे आले. सिम मात्र चालेना आणि नातीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. त्याच्या दोन महिने आधी तिने मला विचारलं होतं, "माझ्या फोनला नवं येईल का रे?" मी न बघताच म्हणालो होतो, "येईल की, थांब थोडं." बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की त्या फोनचा सपोर्ट कधीच संपला होता.

म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. फोनला नवी आवृत्ती येणार की नाही, हे बहुतेक वेळा तो बाजारात आला त्याच दिवशी ठरलेलं असतं. आपण फक्त ते शोधत नाही, किंवा चुकीच्या जागी शोधतो.

फोनचं नाव बघून निष्कर्ष काढणं

"माझ्या मित्राला आलं, त्याचाही हाच फोन आहे" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. नाव एक असलं तरी आतला फोन एक असेलच असं नाही. २०१२ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ३ आठवतो का? त्याचा थ्रीजीवाला आय९३०० हा प्रकार १ जीबी रॅमचा होता, तो अँड्रॉइड ४.३ वरच थांबला. एलटीई म्हणजे फोरजीवाला आय९३०५ मात्र २ जीबी रॅमचा होता, त्याला ४.४ किटकॅट मिळालं. बाहेरून दोन्ही सारखेच.

आजही तेच चालतं. एकाच नावाखाली फोरजी आणि फाइव्हजी, भारतातला आणि बाहेरचा, असे वेगवेगळे प्रकार असतात आणि कधी कधी त्यांची चिपसुद्धा वेगळी असते. तेव्हा सेटिंगमध्ये "अबाउट फोन" उघडा आणि मॉडेल नंबर जसाच्या तसा उतरवून घ्या. कंपनीच्या साइटवर शोधायचा तो हा नंबर. दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी आणलेला फोन असेल, तर हे दोनदा तपासा.

वर्षं खरेदीच्या तारखेपासून मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि ती दिवाळीच्या सेलमध्ये हमखास होते. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं, खोक्यावर किंवा जाहिरातीत "४ वर्षं अपडेट" असं असतं, आणि आपण बिलाच्या तारखेत चार मिळवतो. कंपनी मात्र मोजते ते मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून. म्हणजे चारातली दोन वर्षं तुम्ही फोन घरी आणण्याआधीच संपलेली असतात.

त्यातही दोन वेगळे आकडे असतात आणि लोक ते एकत्र करतात. किती नव्या आवृत्त्या मिळणार, हा एक. किती वर्षं सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे छोटे अपडेट, मिळणार, हा दुसरा. सॅमसंग गॅलेक्सी एस २२ चं उदाहरण घ्या. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये अँड्रॉइड १२ घेऊन आला, आणि चार आवृत्त्या व पाच वर्षं सुरक्षा असं आश्वासन होतं. १२ मध्ये चार मिळवले की १६. म्हणजे त्याच्यासाठी अँड्रॉइड १६ ही शेवटची आवृत्ती. ती आल्यावर पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसायचं कारण नाही. पॅच मात्र त्यानंतरही, फोन बाजारात येऊन पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत, येतात. हा एवढा हिशेब कागदाच्या तुकड्यावर होतो.

गेल्या काही वर्षांत चित्र बरंच बदललं आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ पासून तसंच केलं. पण हे महागड्या फोनांचं झालं. दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनांना आजही एक-दोन आवृत्त्यांवर थांबावं लागतं, आणि आपल्याकडे घरोघरी तेच फोन आहेत. घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो तसं "कधीपर्यंत अपडेट?" हेही विचारा.

"माझा फोन मस्त पळतो, मग का नाही देणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि राग येणंही रास्त आहे. पण फोन पळतो म्हणून आवृत्ती मिळत नाही. अँड्रॉइड थेट फोनच्या हार्डवेअरशी बोलत नाही. मध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीचे ड्रायव्हर, म्हणजे दोघांत दुभाष्याचं काम करणारे प्रोग्राम, असतात. चिपवाल्याने नव्या आवृत्तीसाठी ते देणं बंद केलं की फोन बनवणाऱ्याचे हात बांधले जातात. गॅलेक्सी नेक्सस हा तर गूगलचा स्वतःचा फोन, २०११ च्या अखेरीस आलेला. २०१३ मध्ये किटकॅट आलं तेव्हा गूगलने सांगितलं की अपडेटची १८ महिन्यांची मुदत उलटून गेली आहे. त्यातली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती, आणि ती कंपनी तोवर मोबाइल चिपच्या धंद्यातून बाहेर पडली होती.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणलं आणि अँड्रॉइडचा भाग चिपवाल्याच्या भागापासून वेगळा केला, तेव्हापासून हे काम हलकं झालं. जुने फोन मागे पडणं थांबलं मात्र नाही.

कधी कधी तर पायाच बदलतो. नोकियाचा विंडोज फोन ७ वाला लुमिया ९०० एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला, आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज फोन ८ जुन्या फोनांना मिळणार नाही. विंडोज फोन ७ चा गाभा विंडोज सीईचा होता, ८ चा विंडोज एनटीचा. दोन-तीन महिन्यांच्या नव्याकोऱ्या फोनला ७.८ वर समाधान मानावं लागलं. ज्यांनी पदरचे पैसे घालून तो घेतला, त्यांच्यावर तो अन्यायच होता असं मला आजही वाटतं.

बातमी, चाचणी आणि आश्वासन यांना अपडेट समजणं

ब्लॅकबेरीने आपल्या प्लेबुक टॅब्लेटला ब्लॅकबेरी १० ही नवी सिस्टीम देऊ असं सांगितलं होतं. जून २०१३ मध्ये ते रद्द केलं. सोनीच्या एक्सपीरिया झेड ३ वर २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ची चाचणी आवृत्ती चालली, लोकांनी वापरली, आणि पक्की आवृत्ती त्या फोनला आलीच नाही. तेव्हा "या फोनांना मिळणार नवं अँड्रॉइड" अशा यादीत आपलं नाव दिसलं म्हणून जुन्या फोनची बॅटरी बदलण्यात किंवा एखादा फोन सेकंडहँड घेण्यात पैसे घालू नका.

दुसरा गोंधळ नावांचा. सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं हायपरओएस, ओप्पोचं कलरओएस ही कंपन्यांनी अँड्रॉइडवर चढवलेली आवरणं आहेत. आवरणाचा आकडा वाढला म्हणजे आतलं अँड्रॉइड बदललंच असं नाही. हायपरओएस काही जुन्या फोनांवर अँड्रॉइड १३ वरच आलं. "अबाउट फोन"मध्ये अँड्रॉइडची आवृत्ती वेगळ्या ओळीत दिलेली असते, ती वाचा.

आयफोनवाल्यांचं काम त्या मानाने सोपं, कारण यादी ॲपलच देते. २०२५ च्या आयओएस २६ साठी आयफोन ११ किंवा त्यापुढचा लागतो. २०१८ चे एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स आयओएस १८ वर थांबले. पण इथेही एक गैरसमज आहे: आवृत्ती आली म्हणजे सगळ्या सोयी आल्या. आयओएस १८ एक्सआरला मिळालं, पण ॲपल इंटेलिजन्स या एआयच्या सोयींसाठी किमान आयफोन १५ प्रो लागतो.

अपडेट दिसत नाही म्हणून खटपटी करणं

यादीत फोन आहे, बातमी आली, शेजाऱ्यालाही आलं, आणि तुमच्या फोनवर "युअर फोन इज अप टू डेट" असंच दिसतंय. बहुतेक वेळा यात बिघाड काहीच नसतो. कंपन्या अपडेट एकदम सगळ्यांना सोडत नाहीत; आधी थोड्या फोनांना देतात, तक्रारी येतात का बघतात, मग पुढे सोडतात. दोन-चार आठवडे थांबा.

"गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्कचा डेटा क्लिअर करा, लगेच येईल" हा उपाय अजून फिरतो. करू नका. त्याने अपडेट लवकर येत नाही, उलट फोनची गूगलकडची ओळख बदलते आणि ॲपची नोटिफिकेशनं बंद पडू शकतात. गूगलच्या एका अभियंत्याने २०१३ मध्येच हे स्पष्ट केलं होतं.

आणि व्हॉट्सॲपवर आलेली "नवीन अँड्रॉइड अपडेट" नावाची एपीके (ॲप बसवणारी) फाइल कुणीही पाठवलेली असो, अगदी सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलेली असो, उघडू नका. अँड्रॉइडची आवृत्ती अशी कधीच येत नाही. ती फक्त सेटिंगमधल्या सिस्टीम अपडेटमधून येते. त्या फाइलमधून तुमचे एसएमएस वाचणारं ॲप येतं, आणि एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी असतात.

घाईत अपडेट मारणं

अपडेट खरंच आलं, तर आधी फोनमध्ये जागा करा. पाच-सहा जीबी तरी मोकळी असू द्या. गुड मॉर्निंगचे फोटो आणि व्हिडिओ पुसले तरी पुष्कळ जागा होते. फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. हा बॅकअप आता गूगलच्या फुकटच्या १५ जीबीमध्येच मोजला जातो. म्हणून तो पूर्ण झाला की नाही, हे तारीख बघून खात्री करा. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का तेही पाहा. पुढे रीसेट मारायची वेळ आली तर तो मागितला जातो, आणि आठवला नाही तर फोन कुलूप लागून बसतो.

बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असावी आणि फोन चार्जिंगला लावलेला असावा. लोडशेडिंगची वेळ असेल तर आधी पूर्ण चार्ज करा. बऱ्याच नव्या फोनांमध्ये नवी आवृत्ती वेगळ्या कप्प्यात बसते आणि काही बिघडलं तर फोन जुन्या आवृत्तीवर परत जातो. जुन्या फोनांत ही सोय बहुधा नसते. तिथे अर्ध्यात बंद पडला तर तो अर्ध्यातच राहतो.

लोगोवर अडकला असं वाटलं तर अर्धा तास हात लावू नका. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. त्यानंतरही हलला नाही, तर जबरदस्तीने पुन्हा सुरू करायला बऱ्याच फोनांत पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-पंधरा सेकंद एकत्र दाबून धरावं लागतं. काही फोनांच्या रिकव्हरीत, म्हणजे फोन सुरू होत नसेल तेव्हाच्या दुरुस्तीच्या मेनूत, "वाइप कॅशे पार्टिशन" असतं, त्याने तुमचा डेटा जात नाही. त्याच्या शेजारीच "फॅक्टरी रीसेट" असतं, त्याने सगळं जातं. दोन्ही ओळी शांतपणे वाचून मगच बटण दाबा. आयफोन कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरीत घेतला, तर आधी "अपडेट" निवडा, "रीस्टोअर" नको.

नव्या आवृत्तीनंतर पहिले एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते. आत ॲप नव्याने बसवण्याचं, फोटोंची यादी करण्याचं काम चालू असतं. लगेच "जुनंच बरं होतं, परत टाका" म्हणून दुकानात पळू नका. आयफोनवर जुनी आवृत्ती परत बसवणं ॲपल थोड्याच दिवसांत बंद करतं, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही उलटं जाण्याला अडसर असतो. जबरदस्ती केली तर फोन कायमचा बसू शकतो.

येणार नाही असं कळल्यावर

मग आकड्याचा नाद सोडा आणि सुरक्षा पॅचची तारीख बघा. सेटिंगमध्ये "अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट" अशी ओळ असते. ती गेल्या तीन-चार महिन्यांतली असेल, तर आवृत्ती जुनी असली तरी फोन वापरायला हरकत नाही. अँड्रॉइड १० पासून "गूगल प्ले सिस्टीम अपडेट" ही वेगळी ओळही आहे. तिच्यावर बोट ठेवून अपडेट तपासता येतं. २०१३ चा आयफोन ५ एस आयओएस १२ वर थांबला, तरी ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये त्याला सुरक्षेचं अपडेट दिलं.

तारीख वर्ष-दीड वर्षं जुनी असेल तर यूपीआय आणि बँकेची ॲप त्या फोनवरून काढा. ॲपवालेही कायम थांबत नाहीत: व्हॉट्सॲप ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५ च्या खालच्या आणि २०२५ मध्ये आयओएस १५.१ च्या खालच्या आवृत्त्यांवर बंद झालं.

लिनिएजओएससारखी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी स्वयंसेवकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती, हा खरा पर्याय आहे, आणि त्यावर मन लावून काम करणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी ती अधिकृतपणे उपलब्ध असेल आणि करायला हात बसलेला असेल, तर दुसऱ्या, घरात पडून असलेल्या फोनवर करा. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं; ते उघडताना डेटा उडतो, आणि नंतर बँकेची ॲप चालतीलच असं नाही. ज्या फोनवर पेन्शनचा एसएमएस येतो, त्या फोनवर हा प्रयोग नको.

मावशीच्या फोनची मूळ फाइल शोधून मी पुन्हा बसवली, पण नेटवर्क आलं नाही. आता तो स्वयंपाकघरात वायफायवर असतो. सकाळी त्यावर अभंग लागतात. यूपीआय दुसऱ्या फोनवर आहे, आणि त्या फोनच्या कव्हरमध्ये दहाच्या नोटेच्या मागे मी एक चिठ्ठी ठेवली आहे: मॉडेल नंबर, आणि पॅच कधीपर्यंत येणार ती तारीख.